आधी पेटी मोजा, मग बॅटरी आणा

रविवारी सकाळी भाचा नवी कोरी बॅटरी पोटाशी धरून दारात उभा. घामाघूम. म्हणाला, "मामा, पेटीत बसेना."

मी एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होतो. निम्मी नोकरी बॅटरी रूममध्ये गेली, त्यामुळे घरात कुणाचा इन्व्हर्टर बसला, कुणाची मोपेड चालू होईना, की बोलावणं मला येतं. पण भाच्याची गाडी म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. लोटस सेव्हन नावाची एक उघडी, दोन सीटची इंग्लिश गाडी १९५७ साली आली. तिकडं लोक तिचे सुटे भाग घरी आणून गाडी स्वतः जोडायचे. त्या धर्तीवर यानं आणि याच्या दोन मित्रांनी इथं सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये गाडी उभी केली. चौकोनी पाइपची चासी, फायबरची बॉडी, आणि ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन. ओम्नीचंच का, तर ते लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरवतं. बॉनेटखाली जागा उरली नाही, शिवाय पुढं वजन नको होतं, म्हणून बॅटरी मागं डिक्कीत, पत्र्याच्या पेटीत. कागदपत्रांचं काय केलंय ते त्याचं त्याला माहीत, मी त्यात पडत नाही. मी बॅटरीपुरता.

जुनी बॅटरी का बदलतोयस, विचारलं. "सेल्फ हळू फिरतो. म्हणून जरा मोठी आणली." सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटर. इथंच गाडी चुकली. सेल्फ हळू फिरतो याचा अर्थ बॅटरी लहान आहे असा होत नाही. आणि डिक्कीतल्या पेटीत 'जरा मोठी' असं काही नसतं. बसते, नाहीतर बसत नाही.

त्यानं पेटीची फक्त लांबी मोजली होती. आतून २१५ मिलिमीटर. दुकानात डीआयएन ४४, म्हणजे जर्मन मापाची बॅटरी मिळाली, लांबी २०७. झालं, पैसे दिले. पण तिची रुंदी १७५ असते आणि पेटी आतून १४२. हे बघायला दुकानात टेप नव्हता आणि याच्या खिशातही नव्हता.

तर पहिलं काम, पेटी तिन्ही बाजूंनी आतून मोजायची. वेल्डिंगची गाठ, रिव्हेट, बोल्टचं डोकं जिथं आत आलंय तिथं मोजायची, मोकळ्या जागी नाही. उंची टर्मिनलच्या टोकापर्यंत धरायची आणि झाकणापर्यंत वर किमान २० मिलिमीटर मोकळे ठेवायचे. झाकण पत्र्याचं असेल तर यात तडजोड नाही. खड्ड्यात झाकण दबून दोन्ही टर्मिनलला टेकलं की वेल्डिंग सुरू होतं, आणि अशा गाड्यांत पेट्रोलची टाकी बहुतेक वेळा शेजारीच असते.

मग बॅटरीवरचे आकडे वाचायचे. ३८ बी २० एल, ही जपानी पद्धत. पहिला आकडा ताकदीचा दर्जा, तो अँपिअर-अवर, म्हणजे किती वीज साठते त्याचं माप, नव्हे. 'बी' म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये साधारण लांबी. बी २० ची बॅटरी १९७ लांब, १२९ रुंद आणि टर्मिनलसकट २२७ च्या आसपास उंच. बी २४ रुंदीला तेवढीच, पण लांबी २३८. आमची पेटी २१५ ची, म्हणजे ती बाद. डीआयएनवाल्या बुटक्या आणि रुंद, त्यांचे टर्मिनल खोबणीत बसतात. त्यांना धरायला तळाशी कड असते, तर जपानी मापाच्या बॅटरीला वरून पट्टी आणि दोन जे-बोल्ट लागतात. म्हणजे माप जमलं तरी पकड जमेलच असं नाही.

शेवटचं 'एल' की 'आर' हे टर्मिनलच्या बाजूचं. कुठून बघून डावं धरायचं यावर दोन दुकानदार दोन उत्तरं देतील, म्हणून वाद घालू नका. जुन्या बॅटरीचा फोटो काढा, प्लस कुठं आहे ते दिसू दे, आणि केबल तिथवर ताण न देता पोचते का बघा. टर्मिनलची जाडीही बघा. या लहान बॅटऱ्यांत बारीक टर्मिनल येतात. अक्षरांच्या शेवटी 'एस' असेल तर जाड. भाच्यानं जुन्या बारीक टर्मिनलवर जाड क्लॅम्प बसवायला डब्याच्या पत्र्याची पट्टी गुंडाळली होती. तिथं काळं पडलं होतं, पट्टी जळली होती.

आता ताकदीचं. नवी घ्यायच्या आधी मी त्याला जुनीच तपासायला लावली. रात्रभर चार्ज करून, काढून, चार-पाच तास तशीच ठेवायची आणि मग मीटर लावायचा. १२.६ व्होल्टच्या वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. याची १२.१ ला आली. कॉइलची वायर काढून, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, सेल्फ मारला तर बॅटरीच्या टर्मिनलवरच ८.८. भरल्या बॅटरीनं साडेनऊच्या खाली जाऊ नये. म्हणजे बॅटरी गेलीच होती, त्यात शंका नाही.

पण मी तिथं थांबलो नाही. माझ्या गाडीची बॅटरी शेडात लावून बघितली, ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता) १२५० ची, खात्रीची. तरी सेल्फ सुस्तच! मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि भाच्याला म्हटलं मार. १.१ व्होल्ट. वाटेतच एवढे जातायत. अर्थच्या, म्हणजे मायनसच्या, बाजूनं आणखी ०.४. म्हणजे बॅटरी कितीही मोठी आणा, दीड व्होल्ट डिक्की ते बॉनेट या प्रवासातच खर्च.

हिशेब सोपा आहे. बॅटरी पुढं असते तेव्हा केबल हातभर असते, डिक्कीतून येताना चार मीटर होते. एवढ्याशा इंजिनाचा सेल्फ शंभर अँपिअर ओढतो असं धरा. १६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलमध्ये चार मीटरला साधारण ०.४३ व्होल्ट जातात, ३५ स्क्वेअर एमएममध्ये ०.२. मग याचे १.१ कसे? केबलचं टोक ब्लेडनं खरवडलं, वरून लाल, आतून पांढरं. गाण्याच्या अँप्लिफायरबरोबर येणारी, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर होती. वर लग, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या टोप्या, त्याही पक्कडीनं चेपलेल्या. त्या जागी ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल ओढली, लग नीट क्रिंप करून. वेल्डिंग केबल मऊ असते, वळते छान, पण तिच्या रबराला तेल-पेट्रोल सोसत नाही, म्हणून वरून नळी चढवली आणि पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट. अर्थसाठी चासीचा रंग घासून उघडं लोखंड केलं आणि इंजिन ते चासी वेगळी पट्टी टाकली. फायबरची बॉडी असली की लोक ही पट्टी विसरतात. आता सेल्फ मारताना प्लसच्या बाजूला पाव व्होल्टही जात नाही.

म्हणून माझं मत असं की पेटी जेवढी बॅटरी मागते तेवढीच घ्या. ३५ अँपिअरची बी २० या इंजिनाला पुरते. दुकानदार सीसीएचा, म्हणजे कडक थंडीत बॅटरी किती अँपिअर देते त्याचा, आकडा दाखवतील, हिला इतकं, तिला तितकं. तो आकडा उणे १८ अंशाला काढतात. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटे स्वेटर घालावा लागतो तेवढीच आपली थंडी. सोलापुरात बॅटरी थंडीनं नाही, एप्रिल-मेमध्ये मरते. पारा ४२-४३ ला, गाडी उन्हात, डिक्की बंद, पेटी बंद. दर दहा अंशांना आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा आमच्याकडचा ढोबळ हिशेब. पेटीखालून सायलेन्सर जात असेल तर मध्ये पत्र्याची ढाल घाला आणि दोन्हींत बोटभर हवा राहू द्या.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त डोकं खातो, ते म्हणजे गॅस. 'मेंटेनन्स फ्री' लिहिलं म्हणजे बॅटरीतून काही बाहेर येत नाही, असं लोकांना वाटतं. फ्री असतं ते पाणी घालणं. आत ॲसिड तसंच पातळ असतं, चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि झाकणाच्या बारीक भोकातून बाहेर पडतो. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की ठिणगीनं पेट घेतो. बॉनेटखाली वारा असतो म्हणून कळत नाही. डिक्कीतली पेटी म्हणजे त्याला गोळा करायची डबीच.

यावर वाटा दोन. एक, साधी पातळ ॲसिडची बॅटरी, पण पेटी सीटच्या बाजूनं पूर्ण बंद, झाकणाला रबरी बीडिंग, हवा आत यायला तळाशी एक नळी आणि बाहेर जायला वरच्या कोपऱ्यातून एक नळी, दोन्ही गाडीच्या बाहेर. गॅस हलका, तो वर जमतो, म्हणून बाहेरची नळी वरूनच निघाली पाहिजे. काही बॅटऱ्यांना बाजूला भोक असतं, त्यात थेट नळी बसते. तशी मिळाली तर उत्तम. दुसरी वाट एजीएमची. तिच्यात ॲसिड काचेच्या लोकरीत शोषलेलं असतं, गाडी कलंडली तरी सांडत नाही, गॅस जवळजवळ निघत नाही. पण 'जवळजवळ'. व्होल्टेज वाढलं तर तीही झडप उघडते, आणि उष्णतेचा तिला राग फार. ज्यांची पेटी सीटमागं आतच उघडते त्यांनी एजीएमच घ्यावी, नळीसकट. आमची पेटी बंद करता येत होती, ऊन सोलापूरचं, आणि चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जुना. आम्ही साधी घेतली.

कुणी यूपीएसची बॅटरी सुचवेल. ती हळूहळू वीज द्यायला बनलेली, सेल्फचा झटका तिचं काम नाही. घरातली इन्व्हर्टरची ट्युब्युलर तर डिक्कीत न्यायला दोन माणसं लागतील. लिथियम हलकी असते हे खरं, पण तापलेल्या पेटीत आणि जुन्या अल्टरनेटरवर मी ती लावणार नाही. पोरांचा हट्ट असेल तर पोरांनी लावावी.

दुकानात जाताना टेप आणि मीटर खिशात ठेवा. बनवल्याची तारीख विचारा, कोड असेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या. कपाटात सहा महिने बसलेली नको. काउंटरवरच मीटर लावा, १२.४ च्या खाली दिसली तर दुसरी मागा. वॉरंटीत किती महिने पूर्ण बदलून मिळते आणि किती महिने नुसती सूट, हे वेगवेगळं असतं. घरी जोडलेल्या गाडीला वॉरंटी लागू आहे का, हेही आधीच विचारून कार्डावर लिहून घ्या. भाच्याची डीआयएन ४४ दुकानदारानं बदलून दिली, कारण टर्मिनलला क्लॅम्पचा ओरखडा नव्हता. बसते का बघायच्या आधी क्लॅम्प ठोकू नका.

जुनी काढली तर तळाशी काय निघालं? सोलापुरी चादरीचा तुकडा. गादी म्हणून घातलेला. सुती कापड आणि ॲसिड! हातात घेतला तर कागदासारखा फाटला, खाली पत्रा पांढरा फुलून आलेला. माझ्या नोकरीतल्या सगळ्या पँटींना अशीच भोकं होती. खाण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं, फेस थांबेपर्यंत, मग धुऊन, वाळवून, रंग मारून प्लास्टिकचा ट्रे ठेवला. चादर घरात अंथरायची.

बसवताना आधी प्लस, मग मायनस. काढताना उलटं. नऊ-दहा किलोचा ऐवज आहे, जे-बोल्ट असे आवळा की हातानं हलवली तर गाडी हलावी, बॅटरी नाही. मायनसला कट-ऑफ स्विच लावा, कारण अशी गाडी तीन-तीन आठवडे उभी असते. पण स्विच आणि फ्यूज दोन्ही पेटीच्या बाहेर. ठिणगी पडायची ती गॅस नसेल तिथं पडू दे. शेवटी इंजिन चालू करून जरा रेस द्या आणि मागं बॅटरीवरच मोजा. १३.८ ते १४.४ पाहिजे. १४.८ च्या वर गेलं तर बॅटरीला दोष देऊ नका, रेग्युलेटर बघा. आमचे १४.२ आले.

झाकणाच्या आत मार्करनं तारीख लिहिली आणि भाच्याला एकच काम लावून दिलं. महिन्यातून एकदा नळ्यांची बाहेरची तोंडं बघायची. गाडी शेडात उभी राहिली की कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते. परवा फोन आला, "मामा, खरंच केलं होतं."