थंडीत गाडी सुरू व्हायला त्रास देते? नवी बॅटरी घेण्याआधी सेल्फचा आवाज ऐका

थंड सकाळी अडणाऱ्या गाडीची तऱ्हा दोनपैकी एक असते. सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) जड, रखडत फिरतो किंवा नुसता 'कट' आवाज करून थांबतो. नाहीतर सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पहिल्या प्रकारात दोष बहुधा बॅटरी, वायरिंग किंवा सेल्फमध्ये असतो, तर दुसऱ्यात इंधन, ठिणगी किंवा सेन्सरमध्ये. हे न ओळखता बॅटरी बदलली तर पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो.

थंडीत दोन गोष्टी एकदम घडतात. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, त्यामुळे उणे 18 अंशांना चांगल्या बॅटरीचीही ताकद जवळपास निम्म्यावर येते. त्याच वेळी ऑइल घट्ट होते आणि इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. उन्हाळ्यात खपून गेलेली कमजोरी म्हणूनच आता उघडी पडते.

सेल्फ जड फिरत असेल तर

गाडी रात्रभर उभी असताना, काहीही सुरू न करता, मल्टीमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून बॅटरी मोजा. 12.6 म्हणजे पूर्ण भरलेली, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी आणि 12.0 म्हणजे उतरलेली. 12.4 पेक्षा कमी असेल तर आधी चार्जरवर पूर्ण भरा. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेल्या पुढच्या चाचण्यांवर विसंबता येत नाही.

आता दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघा. साधारण 20 अंशांना व्होल्टेज 9.6 च्या खाली जाऊ नये. शून्य अंशाजवळ 9.1 पर्यंत चालते. भरलेली बॅटरी त्याहून खाली कोसळत असेल तर बहुतेक वेळा तिचे आयुष्य संपलेले असते, क्वचित सेल्फच जास्त करंट ओढत असतो. पण व्होल्टेज 11 च्या आसपास टिकून असेल आणि तरीही सेल्फ रखडत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नका. वीज सेल्फपर्यंत पोहोचत नाही किंवा सेल्फच खराब आहे.

वीज कुठे अडते हे शोधायला पाचच मिनिटे लागतात, आणि नेमकी हीच तपासणी बहुतेक जण टाळतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर टेकवा (त्यावर बसवलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नाही), दुसरी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर, आणि सेल्फ मारा. 0.5 व्होल्टपेक्षा जास्त आले तर त्या वाटेत अडथळा आहे. मग निगेटिव्ह खुंट ते इंजिन ब्लॉक मोजा. तिथे साधारण 0.2 च्या आतच असायला हवे. जास्त असेल तर अर्थची वायर सैल किंवा गंजलेली आहे. खुंट आणि त्याच्यावरचा क्लॅम्प यांच्यातही असेच मोजा. बाहेरून स्वच्छ दिसणारा क्लॅम्प आतून काळवंडलेला असतो, हे तिथे कळते.

टर्मिनल साफ करताना आधी निगेटिव्ह काढा, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी शॉर्ट होणार नाही. ग्लासभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून तारेच्या ब्रशने घासा, पुसून पूर्ण कोरडे करा. बसवताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.7 व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून कमी राहत असेल तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारे जनित्र) किंवा त्याचा बेल्ट बघा. ऑइलची श्रेणीही तपासा: '15W' ऐवजी '5W' हे थंडीत पातळ राहते, मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या श्रेणींतूनच निवडा.

सेल्फ जोरात, पण इंजिन पकडत नाही

पेट्रोल गाडीत चावी फक्त इग्निशनपर्यंत फिरवा, तीन सेकंद थांबा, बंद करा; असे तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच पकडली तर रात्रीतून इंधनाचा दाब उतरतो आहे: पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (इंधन मागे जाऊ न देणारा) किंवा गळका इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा).

पुढचा संशयित कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) तापमानाचा सेन्सर. थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते म्हणून ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल सोडतो, पण सेन्सरने इंजिन गरम असल्याचे सांगितले तर तो हात आखडतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर स्कॅनर लावा: कूलंट आणि आत येणारी हवा यांचे तापमान जवळपास सारखे दिसायला हवे. फरक 5 अंशांहून बराच मोठा असेल तर दोघांपैकी एक सेन्सर खोटे बोलतोय. उणे 40 दिसले तर वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निघाला आहे, असे समजा.

स्पार्क प्लग काढल्यावर ओले असतील तर सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले आहे. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की पेट्रोल बंद होते आणि आतले निघून जाते.

डिझेलमध्ये आधी ग्लो प्लग, म्हणजे थंड सिलिंडर आतून तापवणारे हीटर. वायर काढून प्लगचे टोक ते इंजिन ब्लॉक असा रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग साधारण 1 ओहमच्या आसपास दाखवतो, जळालेला अनंत. एखादाच गेला असेल तर गाडी पांढरा धूर सोडत, थरथरत सुरू होते आणि थोड्या वेळाने सुरळीत होते. सगळे चांगले असूनही गरम होत नसतील तर रिले आणि फ्यूज बघा. बॅटरीची वायर थेट लावून प्लग तपासू नका. काही प्लग कमी व्होल्टेजचे असतात आणि 12 व्होल्टने जळतात.

कडाक्याच्या थंडीत डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो. त्यावर पेट्रोल किंवा रॉकेल मिसळू नका, कॉमन रेलचा (आजच्या डिझेल इंजिनांतली उच्च दाबाची इंधन यंत्रणा) पंप वंगणाअभावी झिजतो. ग्लो प्लगच्या गाडीत ईथरचा स्प्रेही मारू नका, स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो.

सेल्फ आणि जंप

सेल्फ सलग 10 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये किमान मिनिटभर थांबा. जंप (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घेऊन गाडी सुरू करणे) देताना लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. म्हणजे ठिणगी पडली तरी बॅटरीतल्या वायूजवळ पडणार नाही. बॅटरीचा डबा फुगलेला किंवा आतले पाणी गोठलेले दिसले तर जंप देऊ नका. आणि सुरू झाल्यावर अर्ध्या तासाच्या फेरीत बॅटरी भरेल असे धरू नका, तिला रात्रभर चार्जर लावा.