रोमन काचेची बाटली घेताय? या चुका टाळा

इंद्रधनुषी चमकेवर भाळून जास्त पैसे मोजणं, ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. ती चमक रोमन कारागिराने दिलेलीच नाही. शतकानुशतकं ओल्या मातीत पडलेल्या काचेतला सोडा (वाळूत मिसळलेला क्षार) पाण्याबरोबर निघून जातो, मागे कांद्याच्या सालीसारखे सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचे, पातळ पापुद्रे राहतात आणि त्यांवरून परतणारा उजेड रंगीत दिसतो. थोडक्यात, ही काचेची झीज. नवी असताना तीच बाटली बहुधा फिकट निळसर-हिरवी असणार, वाळूतल्या लोहामुळे. किंवा अँटिमनी अथवा मँगनीज घालून रंगहीन केलेली.

उलटी चूकही होते: चमक नाही, म्हणजे बाटली नकली! इजिप्तमधल्या करानिसच्या कोरड्या वाळूत काच उत्तम टिकली. आणि बनावट चमक आणणारेही आहेतच. खरी झीज एकसारखी नसते, पापुद्रा निघालेल्या जागी बारीक खड्डे दिसतात. तरी निव्वळ फोटोवरून निकाल देऊ नका.

घरी आणल्यावर बाटली धुऊ नका. ब्रश, साबण, ओलं फडकं, काहीच नको. सुटलेला पापुद्रा परत बसत नाही आणि गोंदाने तो चिकटवू पाहिलात तर नुकसान वाढतं. पापुद्रे गळताना दिसले तर हात न लावता संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. उचलताना कानाला किंवा काठाला धरू नका, तळाला आधार द्या. एसीच्या झोतात वा उन्हाच्या खिडकीत ठेवणं तर टाळाच.

जोडाची रेघ दिसली की काही जण 'ही कारखान्यातली' म्हणून मोकळे होतात. पण इ.स.च्या पहिल्या शतकातच साच्यात फुंकून भांडी होत होती, आणि साच्याच्या जोडाची रेघ त्यांवरही उमटते. एनियन नावाचा कारागीर तर साच्यातच आपलं नाव कोरायचा. मात्र 'इ.स.पू. ३००ची फुंकलेली बाटली' असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. फुंकणीचं तंत्रच इ.स.पू. पहिल्या शतकात आलं.

'अश्रूपात्र' (अश्रू साठवायची बाटली) या नावाला भुलू नका, त्या अरुंद बाटल्या सुगंधी तेलांच्या. दुर्मीळही नव्हेत: रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो, असं त्या काळचा ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहून गेलाय.

किमतीआधी कागद मागा. वस्तू कुठून, कधी बाहेर आली याचा पुरावा द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर ती लुटीच्या उत्खननातलीही असू शकते. व्यवहार तिथेच सोडा.