88 इंची जुनी लँडरोव्हर घेऊन लांब निघायचं असेल तर

निघण्याआधी गाडी पूर्ण भरा, सोबती बसवा, टाकी फुल्ल करा आणि सरळ वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. हे मी पहिल्या मोठ्या प्रवासाआधी केलं नव्हतं. बहीण आणि मी यादी करून एकेक वस्तू भरली, सगळं नीट बांधलं आणि निघालो. साठच्या पुढे गेलं की स्टिअरिंग हातात हलकं लागायचं, वळणावर पुढची चाकं जरा उशिरा ऐकायची. तिसऱ्या दिवशी वाटेत काटा दिसला म्हणून थांबलो. पुढे 720 किलो, मागे 1290. त्या संध्याकाळी जमिनीवर ताडपत्री अंथरून सगळं सामान बाहेर काढलं आणि निम्मी समज तिथेच आली.

माझी गाडी 1972 ची, सीरिज थ्री, पेट्रोल. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 88 इंच, म्हणजे 2235 मिलिमीटर. याच गाडीची लांब भावंडं 109 इंचांची असतात. छोट्या गाडीतून लांब जाता येत नाही असं सांगणारे पुष्कळ भेटतील. 1955-56 मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा विद्यार्थी दोन लँडरोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरला पोचले, त्या गाड्या 86 इंची होत्या. तेव्हा प्रश्न लांबीचा नाही, भरण्याचा आहे. जुनी टोयोटा एफजे 40 (2285 मिलिमीटर) किंवा सुझुकी एसजे 410 (2030) असेल तरी भरण्याचं गणित हेच, फक्त आकडे बदलतील.

गणित असं. मागच्या दाराबाहेर 60 किलो टांगलं, म्हणजे एक स्टेपनी आणि दोन भरलेले कॅन, आणि ते मागच्या अ‍ॅक्सलपासून 80 सेंटीमीटर मागे आलं, तर ती तरफ होते. मागच्या चाकांवर 60 नाही, 81 किलो येतात. वरचे 21 किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. गाडी जितकी आखूड तितकं हे उचलणं जास्त. स्टिअरिंग हलकं का झालं होतं, याचं उत्तर तेवढंच.

म्हणून आता माझी स्टेपनी बोनेटवर असते. या गाडीला ती जागा कारखान्यातूनच दिलेली आहे आणि छोट्या गाडीला तिच्याइतकी सोयीची दुसरी जागा नाही, कारण वजन पुढे जातं. बोनेट उचलायला जड होतं हे खरं, म्हणून टेकूचा दांडा नीट अडकल्याशिवाय डोकं आत घालू नका. पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी, तेल असं सगळं जड सामान सीटच्या लगेच मागे, फळीला टेकवून, तळाशी. अंथरूण-कपडे मागच्या दाराशी. टपावर मी काहीही ठेवत नाही. गाडी उंच आणि अरुंद आहे, आडव्या उतारावर टपावरचा प्रत्येक किलो तुम्हाला खाली ओढतो. आणि झोपायचं गाडीत नाही, जमिनीवर तंबूत. मागच्या भागात पाय सरळ होत नाहीत, आणि झोपण्यासाठी फळ्या-कपाटं बसवली की त्यांचंच वजन सामानाला भारी पडतं.

असं करत करत आम्ही पुढे 770 आणि मागे 1040 वर आलो. म्हणजे दोनशे किलो कमी झाले, त्यातल्या कशाचीही पुढे आठवण झाली नाही. तुमच्या गाडीची मर्यादा तिच्या पुस्तकात असेल. तो आकडा नव्या चेसिसचा आणि नव्या पाट्यांचा (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगांचा) आहे हे ध्यानात घेऊन बरंच खाली थांबा.

पेट्रोलचा हिशोब आधीच करा. माझी गाडी लिटरला पाच-सहा किलोमीटर देते, लो गिअरमध्ये रेतीत तर तीनसुद्धा. टाकी 45 लिटरची. एक भरलेला वीस लिटरचा कॅन साधारण एकोणीस किलो भरतो. दोन कॅनच्या वर गेलात तर पुन्हा काट्याकडे बघावं लागेल.

आता गाडीचं अंग. वरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, तो सहसा दगा देत नाही. चेसिस लोखंडी, आणि तिला गंज आतून खातो. हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकत जा: मागचा आडवा बीम, पाटे जिथे लटकतात ते कान, पायाखालच्या फळीचे कोपरे. चांगलं लोखंड टण्ण वाजतं, सडलेलं बद्द. रंग आणि डांबर ताजं दिसलं तर तिथेच दोनदा ठोका. चेसिसला जोड द्यायचा असेल तर तो घरी द्या, वाटेत नाही.

पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या दोनशे किलोमीटर खराब रस्त्यानंतर पुन्हा आवळायचे. ते नक्की ढिले होतात. यू-बोल्ट ढिला राहिला की सेंटर बोल्टवर ताण येतो, तो तुटतो आणि अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो. मुख्य पाटा एक जास्तीचा घेतलेला बरा. वजन आहे, पण तो सपाट आहे, चेसिसला लागून तळाशी बांधता येतो.

सुटे भाग मी फार नेत नाही. सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क), कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरची टोपी, कॉइल, पेट्रोल पंपाचा पडदा, फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज, प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनची ताकद अ‍ॅक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) एक क्रॉस, चाकाच्या बेअरिंगचा एक संच, सील, दोन ट्यूब आणि मागचे दोन्ही हाफ शाफ्ट (अ‍ॅक्सलच्या आतले, चाक फिरवणारे दांडे). कंडेन्सर घरी बसवून, चालवून, मग काढून पेटीत ठेवा. न वापरलेला नवा भाग वाटेत पहिल्यांदा बसवायचा नाही. पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर, फीलर गेज पेटीत नाही तर खिशात. गरम प्रदेशात दुपारी इंजिन अडखळून बंद पडलं तर आधी पॉइंट उघडू नका. बहुतेक वेळा पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. ओलं फडकं पंपावर गुंडाळा, बोनेट उघडं टाका, अर्धा तास बसा. बॅटरी उतरली तर या गाडीला पुढून हँडल मारता येतं. अंगठा मुठीच्या बाहेर, बाकीच्या बोटांच्याच बाजूला. इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा वाचतो.

चालवताना पहिली गोष्ट: फोर बाय फोर फक्त सैल जमिनीवर. या गाडीला मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा जोड, नाही. कोरड्या पक्क्या रस्त्यावर वळलात की पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात, तो पीळ गिअरबॉक्स आणि शाफ्टमध्ये साठतो. पिवळी मूठ खाली दाबली की हाय गिअरमध्ये फोर बाय फोर लागतो, लाल दांडी मागे ओढली की लो. लो लावायचा तर गाडी उभी करूनच. पुढच्या हबला फ्री व्हील बसवलेली असतील तर ती हाताने फिरवून लॉक करायला विसरू नका. नाहीतर दांड्या बरोबर आणि पुढची चाकं मोकळी, आणि तुम्ही रेतीत का रुतलो याचा विचार करत बसाल.

रेतीत शिरण्याआधी हवा काढा, रुतल्यावर नाही. माझ्या 205 आर 16 टायरमध्ये रस्त्यावर 28-30 पीएसआय असते, रेतीत 18. तरी बसली तर 15. त्याच्या खाली ट्यूबच्या टायरमध्ये जात नाही, कारण टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून कापला जातो. हवा काढली की वेग उतरवायचा आणि पक्क्या जमिनीवर आलं की लगेच भरायची. रुतलात आणि चाक जागीच फिरलं तर पाय काढा. फावडं घ्या, अ‍ॅक्सलखालची रेती मोकळी करा. दुसऱ्या गाडीने ओढायचं असेल तर पट्टा चेसिसच्या हुकाला. टोइंगच्या गोळ्याला कधीही नाही; तो तुटला तर गोळीसारखा येतो.

तीव्र उतारावर लो, पहिला गिअर, दोन्ही पाय मोकळे. क्लच दाबला की इंजिनचा धरलेला हात सुटतो. आखूड गाडीची इथे एक खोड आहे: ब्रेक मारला आणि मागची चाकं घसरली की ती फार पटकन पुढे यायला बघते. लांब गाडी विचार करायला वेळ देते, ही देत नाही. मागून सरकतंय असं वाटलं की ब्रेक सोडा आणि किंचित रेस द्या, गाडी सरळ होते. चढावर अर्ध्यात बंद पडली तर वळवण्याचा मोह टाळा, आडवी झाली की उलटेल. पायाचा ब्रेक घट्ट, लो रिव्हर्स लावा, क्लच पूर्ण सोडा, ब्रेक हळूहळू सोडून इंजिनने गाडी तोलली याची खात्री करा आणि गिअरमध्येच स्टार्टर मारा. सरळ मागे, आल्या वाटेनेच उतरा.

पाण्यात आधी पायी उतरायचं. गुडघ्याच्या वर पाणी आणि ओढ असेल तर मी परत फिरते. लांब चालून आलेले अ‍ॅक्सल गरम असतात, एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. काठावर वीस मिनिटं थांबा. त्या वेळात क्लच हाउसिंगच्या खालचा प्लग लावा (पलीकडे गेलं की काढायचा, गळलेलं तेल बाहेर पडायला तो मार्ग लागतो), फॅन बेल्ट काढा म्हणजे पंखा पाणी उडवणार नाही, आणि डिस्ट्रिब्युटरवर रबरी हातमोजा चढवा, बोटांची टोकं कापून तारा त्यातून बाहेर काढा. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलकेच दाबून थोडं चाला, ड्रम सुकेपर्यंत ब्रेक नसल्यासारखेच असतात. संध्याकाळी अ‍ॅक्सलमधल्या डिफचं (डिफरन्शियलचं) तेल बघा. दुधासारखं दिसलं तर तिथेच बदला.

हाफ शाफ्ट मी कसा तोडला ते सांगते, कारण तिथेच या गाडीची सगळ्यात उपयोगी गोष्ट कळली. कोरड्या ओढ्यातून दगडांवर चढत होतो. मागचं चाक हवेत उसळत होतं आणि मी रेस सोडली नाही. चाक फिरत असताना दगडावर आपटून एकदम पकडलं गेलं. खाड्! इंजिन चालू, गिअर लागलेला, गाडी जागेवर. चूक माझीच. चाक उसळायला लागलं की पाय काढायचा असतो.

आधी चाकांना दगड लावले. का, ते नीट समजून घ्या: या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर बॉक्सच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवरच्या ड्रमवर असतो. मागचा हाफ शाफ्ट तुटला किंवा मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफ मोकळा फिरतो आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. पंक्चर काढतानासुद्धा दगड आधी, जॅक नंतर. बहिणीने हे एकदा पाहिल्यापासून ती गाडीतून उतरताना दगड शोधतच उतरते.

हबवरचे सहा बोल्ट काढले. हाफ शाफ्ट चाकाचं वजन पेलत नाही, ते बेअरिंगवर असतं, त्यामुळे चाक जागेवर राहतं आणि शाफ्ट बाहेर ओढता येतो. आला तो तुकडाच, आतल्या टोकाचे दाते डिफमध्ये राहिलेले. तारेचा फास करून आणि काठीला चुंबक बांधून तासभर प्रयत्न केला तेव्हा तो निघाला. तो आत ठेवून चालायचं नाही, नाहीतर डिफ फुटतो. त्या वेळी माझ्याकडे जास्तीचा शाफ्ट नव्हता. मग मागचा प्रॉपेलर शाफ्ट आठ बोल्ट काढून उतरवला, हबचं झाकण धूळ जाऊ नये म्हणून परत लावलं, पुढची हब लॉक केली, पिवळी मूठ दाबली आणि गाडी पुढच्या चाकांवर चालायला लागली. चाळीस किलोमीटर वीसच्या वेगाने, वळणं मोठी घेत, पण आम्ही पोचलो.

कागदांचं थोडक्यात. सीमा ओलांडायच्या असतील तर काही देशांना कार्नेट लागतं, म्हणजे गाडी परत नेण्याची हमी. त्याआधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा. एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन कधीतरी बदललेलं असतंच, आणि कागदावर जुनाच नंबर राहिलेला असतो. तो घरी दुरुस्त करून घ्या. चेसिसवरचा नंबर तारेच्या ब्रशने साफ करून फोटो काढून ठेवा, रात्री अकराला विजेरीच्या उजेडात गंजाखाली तो सापडत नाही.

दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर, सत्तरच्या आत. कानात बोळे घाला, आवाजाने माणूस गाडीआधी थकतो. मुक्काम अंधार पडायच्या तासभर आधी, कारण फेरी उजेडात मारायची असते. गाडी थांबली की मी आधी चारही हबवर तळहात ठेवते. एक बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक, ते चाक त्याच संध्याकाळी उघडायचं. मग खाली वाकून गळती, यू-बोल्ट, पाट्यांना तडा, शाफ्टचे बोल्ट. धुळीच्या दिवसांनंतर क्रॉसच्या निप्पलला ग्रीस, जुनं काळं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर बॉक्सचं तेल वेगवेगळं बघायचं. मधलं सील गेलं की एकाचं तेल दुसऱ्यात जातं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. तोवर बहीण वहीत किलोमीटर, पेट्रोल आणि कोणत्या हबला काय वाटलं ते लिहिते, आणि तंबू त्याच्यानंतर लागतो.