जहाजांच्या संकेतस्थळांची सूची चालवताना या चुका टाळा

नौदल आणि जहाजांविषयीच्या संकेतस्थळांची सूची नाशिकमध्ये बसून चालवतो असे सांगितले की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे समुद्र कुठे आहे? देवळालीला तोफखाना आहे, ओझरला विमाने तयार होतात आणि कसारा घाट उतरल्याशिवाय समुद्राची गाठ पडत नाही, हे मान्यच आहे. मात्र सूची चालवायला समुद्र लागत नाही. प्रत्येक संकेतस्थळ उघडून, नीट वाचून मगच त्याची नोंद करण्याची चिकाटी लागते. दरवर्षी ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास आमच्याकडे नवे स्वयंसेवक उत्साहाने येतात, आठवडाभरात शंभर दुवे चढवतात आणि मग ते निस्तरण्यात बाकीच्यांचे दोन महिने जातात. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्याचा कंटाळा आल्यामुळे त्या एकदाच लिहून ठेवत आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दुवे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून राहणे. या पत्त्यावर पान मिळते का, एवढेच ते सॉफ्टवेअर सर्व्हरला विचारते. मिळाले तर उत्तरात २०० हा आकडा येतो आणि नाही मिळाले तर ४०४. ते पान कोणाचे आहे आणि काल होते तेच आजही आहे का, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदवलेल्या नावाची, मुदत संपून ते नाव भलत्याच माणसाने विकत घेतले, तरी त्याचे पानही २०० हाच आकडा देते.

आमच्या सूचीत फ्रिगेट प्रकारच्या एका जुन्या युद्धनौकेवर नोकरी केलेल्या निवृत्त नौसैनिकांचे छोटेसे संकेतस्थळ होते. त्यावर मेसमधले धुरकट फोटो होते, बदल्यांचे किस्से होते आणि दिवंगत सहकाऱ्यांची यादी होती. ती नोंद मी स्वतः केली होती. पुढे तीन वर्षे मासिक अहवालात तिच्यासमोर २०० येत राहिले आणि मी पुढच्या ओळीकडे सरकत राहिलो. एका रविवारी सकाळी निफाड तालुक्यातून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांचा मुलगा बारावी झाला होता आणि ‘मर्चंट नेव्हीत थेट भरती’ची जाहिरात त्याला आमच्या सूचीतल्या दुव्यावर सापडली होती. “तुमच्या यादीत नाव आहे म्हणजे कंपनी खरीच असणार ना? द्राक्षांचे पैसे हातात आले की फी भरून टाकतो,” असे ते म्हणाले. मी दुवा उघडला. वर एका मालवाहू जहाजाचा चकचकीत फोटो होता आणि खाली नोंदणी शुल्क भरण्यासाठी खाते क्रमांक होता. आमच्या सूचीत मात्र त्याच दुव्याखाली माझ्याच शब्दांत ‘निवृत्त नौसैनिकांच्या आठवणी’ असे वर्णन होते. द्राक्षांचे पैसे यायचे होते म्हणून निभावले; माझ्या तपासणीचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी चहा घेताना मी पंचवीस दुवे हाताने उघडतो. प्रत्येक संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावरचे पहिले वाक्य एक्सेलच्या एका रकान्यात उतरवून ठेवले आहे. पुढच्या खेपेला ते वाक्य जुळले नाही, तर थांबून पूर्ण पान वाचतो. यासाठी सोपी युक्ती विचारणारे तरुण मला भेटतात. सोपी युक्ती असती, तर निफाडहून फोन आला नसता.

त्याच प्रकरणानंतर भरतीची खासगी संकेतस्थळे आम्ही सूचीतून काढून टाकली. नौदलाच्या भरतीसाठी ज्याच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा होतो, तेवढेच अधिकृत संकेतस्थळ ठेवले आहे. पत्त्याच्या मध्ये कुठेतरी ‘गव्ह’ असणे पुरेसे नाही, शेवट पाहावा लागतो. मर्चंट नेव्ही हे नौदल नव्हे, हेही नवख्यांना दरवर्षी नव्याने सांगावे लागते. व्यापारी जहाजांवर खलाशी पाठवणाऱ्या संस्थांना नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा, परवाना लागतो आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेण्याची त्यांना मुभा नसते. म्हणून आम्ही फक्त डीजी शिपिंगचा दुवा देतो आणि पुढचा शोध ज्याचा त्याने घ्यावा, असे सुचवतो.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे नाव पाहून वर्गवारी करणे. ‘आयएनएस’ दिसले की भारतीय युद्धनौका, असा सरसकट समज असतो. लोणावळ्याची आयएनएस शिवाजी आणि मालाडची आयएनएस हमला हे जमिनीवरचे तळ आहेत, तरीही दोन्ही नावे आमच्याकडे अनेकदा जहाजांच्या रकान्यात जाऊन बसली आहेत. इस्रायलच्या युद्धनौकांच्या नावापुढेही आयएनएसच लागते. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या क्षेपणास्त्र नौकांनी बुडवलेली ‘एलात’ एका मुलाने भारतीय विनाशिकांत घातली होती. आयएनएस नाशक या क्षेपणास्त्र नौकेला ‘आपल्या शहराच्या नावाची नौका’ असे वर्णन मिळाले, तेव्हा मात्र मला रागावता आले नाही.

नावे पुन्हा वापरली जातात, ही गोष्ट तर बहुतेकांच्या गावीच नसते. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीने बुडवलेली खुकरी वेगळी आणि १९८९ मध्ये नौदलात आलेली, आता दीवला संग्रहालय म्हणून ठेवलेली खुकरी वेगळी. आमच्या एका स्वयंसेवकाने बुडालेली नौकाच वर काढून तिचे संग्रहालय केले, असे लिहून टाकले आणि ती नोंद चार महिने तशीच राहिली. विक्रांतच्या बाबतीत नौकेवरचा क्रमांकही मदतीला येत नाही, कारण १९६१ ची आणि २०२२ ची अशा दोन्ही विक्रांतांचा क्रमांक आर ११ हाच आहे. त्यामुळे युद्धनौकेच्या प्रत्येक नोंदीत नावाशेजारी ती नौदलात दाखल झाल्याचे वर्ष लिहायचे, हा माझा हट्ट आहे.

व्यापारी जहाजांचे त्या मानाने बरे असते. नाव, मालक आणि झेंडा बदलला तरी जहाजाचा सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक बदलत नाही. टंकताना तो चुकला का, हेही कागदावर तपासता येते. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३ आणि २ ने गुणून बेरीज केली की तिचा शेवटचा अंक सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. उदाहरणार्थ, ९०७४७२९ या क्रमांकात ६३, ०, ३५, १६, २१ आणि ४ यांची बेरीज १३९ येते आणि शेवटचा ९ जुळतो. या हिशेबाला अर्धा मिनिट लागतो, तरी तो कोणी करत नाही.

संकेतस्थळाने स्वतःबद्दल लिहिलेले वर्णन जसेच्या तसे उचलू नये. तिथे प्रत्येक जण सर्वोत्कृष्टच असतो. दहा नोंदी जमल्याशिवाय नवा उपवर्ग उघडू नये. ‘तुम्ही आमचा दुवा लावा, आम्ही तुमचा लावतो’ अशा पत्रांना मी उत्तर देत नाही.

मेलेला दुवा थेट पुसून टाकण्याची घाई मात्र करू नये. ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज ही लोकांना स्वतःची पाने मांडू देणारी सेवा बंद झाली, तेव्हा हौशी लोकांची असंख्य घरगुती पाने एकदम गेली, पण त्यांतली बरीचशी वेबॅक मशीन या जुनी पाने जतन करणाऱ्या संकेतस्थळावर शिल्लक आहेत. आधी तिथे शोधावे आणि सापडल्यास वर्षासह जतन प्रतीचा दुवा द्यावा.

सगळ्या किल्ल्या एकाच माणसाच्या हाती देणे, ही चूक आमच्याकडूनही झाली. जगभरच्या स्वयंसेवकांनी उभारलेली डीमॉझ ही प्रचंड सूची मार्च २०१७ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्या माहितीची प्रत उपलब्ध होती, म्हणूनच तिचे काम कर्ली या नावाने पुढे चालू राहिले. ते वाचून मी प्रत ठेवायला शिकलो, पण आमच्या स्वतःच्या डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना जिच्यावर येत असे, ती ईमेल पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या एका स्वयंसेवकाची होती आणि तो ती उघडतच नव्हता. आमची सूची नऊ दिवस बंद होती. आता मुदतीची तारीख तिघांच्या फोनमध्ये आहे आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरही, गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारी, लाल शाईने लिहिलेली आहे.