दाखल्यांची गर्दी सुरू व्हायच्या आधी काउंटरवरचा ब्राउझर नीट करून ठेवा

दहावी-बारावीचे निकाल लागले की सांगली, मिरज, तासगाव, पलूस, कुठल्याही ई-सेवा केंद्रावर जावा, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेयर यासाठी सकाळपासून रांग लागलेली असते. त्या गर्दीत सेटिंगा शोधत बसायला कुणाला वेळ नसतो, म्हणून आधीच एक दुपार काढा आणि ब्राउझरमध्ये कंपनीनं चालू करूनच दिलेल्या नको त्या गोष्टी बंद करून टाका. घरच्या कम्प्युटरवर त्यातल्या बऱ्याच कामाच्या असतात, पण आपल्याकडं एकाच मशीनवर दिवसभर लोकांचं आधार, पॅन, पासबुक भरलं जातं आणि ब्राउझर ते सगळं लक्षात ठेवत बसतो, खरा धोका तिथं आहे.

म्हणून पहिल्यांदा ऑटोफिल, म्हणजे आधी भरलेलं लक्षात ठेवून रकाने आपोआप भरायची सोय. क्रोमच्या सेटिंगमध्ये ऑटोफिल अँड पासवर्ड्स उघडा, पासवर्ड सेव्ह करू का विचारणारं बटण बंद, कार्डाची माहिती बंद, पत्ते बंद. पण एवढ्यानं भागत नाही, आधी साठलेलं तसंच राहतं. मोबाईलच्या रकान्यात नुसता ९ टाकला की खाली आधी येऊन गेलेल्यांचे नंबर दिसायला लागतात, आणि चुकून त्यातल्याच एकावर क्लिक झालं तर ओटीपी जाणार भलत्याच माणसाला आणि दाखल्याचा मेसेज पण त्यालाच. कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबा, वेळ ऑल टाइम ठेवा, ॲडव्हान्स्डमध्ये पासवर्ड आणि ऑटोफिल या दोन्हीवर टिक करून उडवून टाका. फक्त त्याआधी आपल्या स्वतःच्या पोर्टलचे लॉगिन-पासवर्ड तुम्हाला माहीत आहेत ना एवढं बघून घ्या, नाहीतर ऐन गर्दीत पासवर्ड रिसेट करत बसाल.

त्याच्याच जोडीला साइन-इन. पोरं येतात, "दादा, कॉलेजचा मेल आलाय, जरा उघडतो" म्हणतात, जीमेल उघडलं की क्रोम पण त्याच खात्यानं साइन-इन होऊ शकतो. सेटिंगमध्ये अलाऊ क्रोम साइन-इन आहे, ते बंद करा, आणि कुणाला स्वतःचं काही उघडायचं असलं तर गेस्ट विंडो द्या, ती बंद केली की हिस्टरी, लॉगिन काही उरत नाही, डाउनलोड केलेली फाइल मात्र मशीनवरच राहते, ती हातानं उडवायची. ऑन स्टार्टअपला "जिथं सोडलं तिथून पुढं" असलं काही निवडलेलं असेल तर काढा, त्यानं कालची लॉगिनं आज सकाळी उघडीच मिळू शकतात.

उजव्या कोपऱ्यात "तुमच्या कम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" असं जे सारखं येतं ते बऱ्याचदा व्हायरस नसतो, कुठल्यातरी साइटला कुणीतरी अलाऊ दाबलेलं असतं. साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स बंद करा आणि खालच्या यादीतली अनोळखी नावं काढून टाका. पॉप-अप ब्लॉकर मात्र सरसकट बंद करू नका, पावती पॉप-अपमध्ये उघडणाऱ्या सरकारी साइटी तेवढ्या अलाऊच्या यादीत टाका. भाषांतराचं पण बंद करा, भरत असलेलं मराठी पान मधेच इंग्रजी झालं की गावांची नावं ओळखू येत नाहीत.

पीडीएफचं लई महत्त्वाचं. डिजिटल सहीचा सातबारा क्रोममध्येच उघडला तर सही खरी की खोटी हे तिथं तपासलं जात नाही, म्हणून साइट सेटिंग्जमध्ये पीडीएफ डाउनलोड होतील असं ठेवा आणि ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून सही बघा.

एज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर, वापरत नसाल तरी विंडोजमध्ये तो असतोच. त्याच्या सिस्टीम सेटिंगमध्ये स्टार्टअप बूस्ट आणि बंद केल्यावरही मागं चालू राहायची परवानगी, दोन्ही काढा, ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनला तेवढाच दम मिळतो. क्रोममध्ये पण बॅकग्राउंड ॲप्सचं बटण आहे, ते बंद.

सेफ ब्राउझिंग (धोक्याच्या साइटींचा इशारा देणारी सोय) आणि अपडेट यांना अजिबात हात लावायचा नाही, आणि "ब्राउझर क्लीन करतो" म्हणणारं एक्स्टेन्शन तर मुळीच टाकायचं नाही, त्याला परवानगी दिली की भरलेलं सगळं तेच वाचणार. सेटिंगा प्रोफाइलप्रमाणं वेगळ्या असतात, दोन प्रोफाइल असतील तर दोन्हीकडं करा.

मग गिऱ्हाईक नसताना ब्राउझर बंद करा, परत उघडा आणि फॉर्मच्या रकान्यांत एखादं अक्षर नाहीतर आकडा टाकून बघा. जुनं नाव किंवा नंबर सुचवला तर काहीतरी राहिलंय. आणि प्रिंटच्या खिडकीत मोअर सेटिंग्जखाली हेडर्स अँड फूटर्सची टिक काढून ठेवा, नाहीतर प्रत्येक पावतीवर साइटचा पत्ता नि तारीख छापून येते.