स्टॅपेलिया फुललीय? मग माशा हाकलू नका

घाणेरड्या वासाचं फूल म्हटलं की लोक थेट सुमात्रातल्या टायटन अरमचं नाव घेतात. बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये जगाला दाखवलेलं ते अजस्र प्रकरण फुलायलाच कित्येक वर्षं घेतं. त्याच्या नादी लागू नका. माशीला फसवण्याचा तोच खेळ कुंडीतली स्टॅपेलिया तुम्हाला हातभर अंतरावर दाखवते.

ही मूळची आफ्रिकेच्या दक्षिण भागातली. दिसते निवडुंगासारखी, पण कुळ रुईचं. बोटभर फांदी तोडून आठवडाभर सावलीत नुसती पडू द्या आणि कापलेली जागा सुकली की मगच लावा. मातीत निम्मी जाडी रेती हवी. पाणी माती पूर्ण कोरडी झाल्यावरच द्यायचं. जास्त लाड केले की कुजते.

कळी फुगत जाते. जायजँटिया जातीत चांगली मुठीएवढी होते. पाकळ्यांचे सांधे ताणलेले दिसू लागले की कुंडी घराबाहेर काढा. आसपास कीटकनाशक मारायचं नाही, हे सांगायला नको, तरी सांगते.

उमललेलं फूल वीतभर किंवा त्याहून मोठं, पाच टोकांचं. फिकट पिवळ्यावर बारीक लालसर आडव्या रेघा, आणि सगळ्यावर लव. वाऱ्याने ती लव हलली की मेलेल्या जनावराची कातडीच वाटते. अशा फुलांच्या वासात डायमिथाइल डायसल्फाइडसारखी गंधकाची संयुगं असतात. मांस सडतानाही तीच बाहेर पडतात. म्हणजे माशीचं नाक चुकत नाही, फूलच खोटं बोलतं.

बसायचं कुठे, हे महत्त्वाचं. वारा तुमच्या पाठीवरून फुलाकडे जाईल असं बसा. माशा वासाचा माग काढत समोरच्या बाजूने येतात, आणि तुमच्या नाकाचीही सुटका होते. वेळ उन्हाची, पहिल्या एक-दोन दिवसांतली. पुढे वास ओसरतो.

आता भिंग घ्या आणि फक्त मधला भाग बघा. तिथे बारीक खाचा असतात. हिरवट-निळी चकाकणारी माशी सोंड फिरवत त्यात खुपसते आणि सोंडेवरचा केस अडकतो. ती हिसडा देते, आणि निघताना सोंडेला पिवळ्या परागपुंजांची जोडी लटकलेली असते, मध्ये इवल्याशा चिमट्याने जोडलेली. सुटे परागकण इथे नसतातच, सगळा माल एकगठ्ठा. तीच माशी दुसऱ्या फुलावर गेली आणि पुंज तिथल्या खाचेत बसला, तर परागण झालं. बहुतेक माशा नुसत्याच फिरून जातात, तेव्हा धीर धरा.

फुलाच्या मधोमध पांढऱ्या अंड्यांचे पुंजके दिसले तर किळस करू नका. मादीला ही जागा पिल्लांसाठी उत्तम वाटलेली असते. अळ्या बाहेर येतात, खायला काहीच नसतं, मरतात. मला हा भाग दर वेळी क्रूर वाटतो, पण फुलाला त्याचं काय!

वासाचा जोर पाहायचा असेल तर फुलावर थोडा वेळ पातळ, पण आरपार न दिसणारं कापड सैलसर टाका. फूल झाकलेलं असूनही माशा घिरट्या घालायला येतील.

परागण झालंच तर शेंगा जोडीने उभ्या राहतात. त्या पिकायला अनेक महिने लागतात. टोकाला चिरू लागल्या की जाळीची पिशवी बांधा. आत रुईसारख्याच म्हाताऱ्या असतात. एकदा उडाल्या की बी हाती लागत नाही.