व्होल्टेज-करंटवरून रेझिस्टन्स आणि वॉट काढताना या चुका टाळा

सूत्रं दोनच आहेत. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स मिळतो, गुणलं की वॉट. या दोन्हींतूनच वॉटची आणखी दोन रूपं निघतात: व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, किंवा करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. ती तोंडपाठ असूनही उत्तर चुकतं, कारण चूक बहुधा गणितात नसते, आकडे उचलण्यात असते. व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स हे तिन्ही एकाच वस्तूचे आणि एकाच वेळचे हवेत.

तारेचा जुना 100 वॉटचा पिवळा बल्ब होल्डरमधून काढून मल्टीमीटर लावा. चाळीसेक ओहम दिसतील. आता घरच्या 230 व्होल्टचा वर्ग भागिले 40 केलं तर तेराशेच्या वर वॉट येतात! शिकाऊ मुलाला वाटतं मीटर बिघडलं. मीटर ठीक आहे, आपण थंड तार मोजली. पेटल्यावर टंगस्टनची ती तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि रेझिस्टन्स 529 ओहमवर जातो. तेव्हा करंट 0.43 अँपिअर आणि वॉट 100. बटण दाबताक्षणी बल्ब उडतो तो याचमुळे, पहिला झटका थंड तारेला बसतो. गिझरच्या कॉइलचा रेझिस्टन्स मात्र तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून ती थंड मोजली तरी चालते.

गिझरची चूक वेगळीच. त्यावर 2000 वॉट लिहिलेलं असतं, पण ते 230 व्होल्टला. संध्याकाळी व्होल्टेज 180 वर आला की पुष्कळजण 2000 भागिले 180 करतात आणि करंट वाढून 11 अँपिअर झाला म्हणतात. साफ चूक. कॉइल तीच, साडेसव्वीस ओहमची, तेव्हा करंट उतरून 6.8 वर येतो आणि वॉट जेमतेम 1,225. पाणी तापायला वेळ लागतो तो इथे. हा हिशोब मोटरला लावू नका. भार तोच असला तर कमी व्होल्टेजवर मोटर जास्त करंट ओढते, आणि विहिरीवरच्या मोटरींचं वाइंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) त्यातच जळतं. शिवाय मोटरचे वॉट काढताना पॉवर फॅक्टरनेही (व्होल्टेज गुणिले करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) गुणावं लागतं: 230 व्होल्ट, 5 अँपिअर, पॉवर फॅक्टर 0.8 असेल तर 920 वॉट, 1,150 नव्हे.

वायर किती तापेल हे काढताना तर हमखास फसगत होते. बोर्डवर 230, लांब वायर ओढून हीटरपाशी 215, करंट 8 अँपिअर. वायरच्या वाट्याला आले फक्त 15 व्होल्ट. म्हणजे तिचा रेझिस्टन्स 1.9 ओहमच्या जवळ आणि ती खाते 120 वॉट. इथे 230 धरून वर्ग केला तर अठ्ठावीस हजार वॉट येतात! करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स हे सूत्र वापरा, मग व्होल्टेज कुठला घ्यायचा हा घोळच राहत नाही.

एलईडीचंही तसंच. 5 व्होल्टच्या सप्लायवर 2 व्होल्टचा एलईडी असेल तर रेझिस्टरसाठी उरतात 3. 20 मिलिअँपिअर म्हणजे 0.02 अँपिअर, उत्तर 150 ओहम. मिलि विसरलात तर 0.15 ओहम येईल आणि एलईडी तिथेच जाईल.

आणि ओहमवर मीटर ठेवून चालू सर्किटला कधीही हात घालू नका. आधी मेन बंद, मग वस्तूचं किमान एक टोक सोडवून मोजणं. टोक जोडलेलंच राहिलं तर शेजारच्या वस्तूंचा रेझिस्टन्सही त्या आकड्यात मिसळतो.